थोरल्याचा आवाज

"पट्टा ढिला पडलाय. सुटणार हा."

घरच्या पिठाच्या गिरणीच्या घरघरीतही उज्वलाला शब्द न् शब्द ऐकू आला, आणि हातातला डबा कलंडून अर्धे तांदूळ फरशीवर गेले. आवाज पाठीमागून आला होता. तिच्या नवऱ्याचा, यज्ञेश्वरचा. जड, ओलसर, गरम घास तोंडात घोळवत बोलावं तसा. शेवटच्या वर्षात तो असाच बोलायचा; 'ट' आणि 'ल' त्याच्या जिभेला सापडायचे नाहीत. आणि यज्ञेश्वरला जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते.

ती लगेच वळली नाही. वळलं की तो नसणार, एवढं तिला कळत होतं. पाठीवरचा घाम थंड होईपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग वळली. दारात अक्षय होता, तिचा धाकटा दीर, हातात फळांची पिशवी घेऊन.

"काय झालं, वहिनी? घाबरलात?"

"नाही हो. डबा निसटला." ती खाली बसून तांदूळ गोळा करू लागली. मान वर न करताच तिने विचारलं, "तोंडाला काय झालंय तुमच्या?"

"दाढ टोचते. काढून टाकायचीय."

यज्ञेश्वरही पहिले काही महिने दाढच टोचते म्हणायचा. दोघे भाऊ एकाच डबीतून तंबाखू मळत मोठे झालेले. उज्वलाला पुढचा प्रश्न माहीत होता, त्याचं उत्तरही माहीत होतं. तिने मोटर बंद केली, पट्टा घट्ट करायला अक्षयला पाना दिला, आणि म्हणाली, "पुढच्या रविवारीही या. जात्याच्या दगडाला टाकी लावायचीय."

जात्याला टाकी लावायची नव्हती.

नवरात्रातला तो आठवडा. अक्षय महाडच्या एमआयडीसीत कामाला, बायको निशिगंधाबरोबर तिकडेच राहणारा. आईला भेटायला म्हणून अधूनमधून पोलादपूरला यायचा. आता तो दर रविवारी येऊ लागला, कारण उज्वला बोलवू लागली. कधी गिरणीचं काम, कधी आईचं औषध, कधी नुसतं जेवायला. तो आईजवळ बसायचा आणि उज्वला भिंतीपलीकडे चुलीशी. ती डोळे मिटून घ्यायची. डोळे मिटले की पलीकडे यज्ञेश्वर बसलेला असायचा. तो पावसाबद्दल बोलायचा, कशेडी घाटातल्या दरडीबद्दल बोलायचा, भाजीत मीठ कमी आहे म्हणायचा. मूलबाळ नसलेल्या त्या घरात वर्षभर दोन बायकांखेरीज आवाज नव्हता. भात करपायचा तरी ती उठायची नाही.

सासूबाई, गीताबाई, ऐंशीच्या पुढच्या. दोन्ही डोळ्यांना आता उजेड आणि सावली एवढंच कळायचं. पहिल्या रविवारी त्यांनी विचारलं, "यज्ञा आला का गो?"

"अक्षयभाऊजी आलेत, आई."

दुसऱ्या रविवारीही तेच विचारलं. तेव्हाही उज्वलाने सांगितलं. तिसऱ्या रविवारी ती काही बोलली नाही.

दिवाळी सरली तशी आई शेजारणीला सांगू लागली, "यज्ञा येतो दर आयतवारी. ह्यो अक्षयच कुठं तोंड दावत नाय." आणि हे त्या अक्षयचा हात हातात धरून सांगायच्या. तो हसायचा. "आई, मी अक्षयच हाय." त्या मान हलवायच्या, लहान मुलाचं खोटं ऐकून घ्यावं तशी. पुढे पुढे त्यानेही सांगणं सोडलं. यज्ञेश्वरच्या खुर्चीत बसू लागला. बोलताना डावा गाल तळहातावर टेकवायचा, अगदी तसाच. सांजवेळी महाडला परत निघाला की आई उंबऱ्याशी जाऊन म्हणायच्या, "जपून जा रे यज्ञा," आणि त्या अंधुक उजेडात पाठमोरा चाललेला माणूस कोण, हे उज्वलालाही क्षणभर सांगता आलं नसतं.

तिला भीती वाटायची. पण रविवार चुकला तर त्याहून जास्त वाटायची.

मार्गशीर्षात वर्षश्राद्ध आलं. घाटाच्या बाजूने सावित्रीवरून धुकं चढत होतं, दहा वाजले तरी ते अंगणातून हललं नव्हतं. पिंड अक्षयनेच दिले. भटजी दक्षिणा घेऊन गेले, पंगत उठली, भावकीतली माणसं पांगली. घरचे तेवढे ओटीवर राहिले: आई, अक्षय, निशिगंधा, उज्वला आणि यज्ञेश्वरचे सख्खे चुलते जानूकाका. घरातला शेवटचा शब्द नेहमी काकांचा. दोन वर्षांपूर्वी यज्ञेश्वरच्या जिभेवरची जखम लहान होती. डॉक्टरांनी जखमेबरोबर गळ्यातल्या गाठीही काढू या म्हटलं, तेव्हा "गळ्यात काय नाय तर गळा कापायचा कशाला?" असं म्हणून त्याला हॉस्पिटलातून परत आणणारेही काकाच. मग चार महिने डोंगरातल्या एका वैदूचा पाला चालला, आणि जबड्याखाली सुपारीएवढी गाठ आली.

अक्षयने सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि लगेच काढून हातात घेतलं. "काका, तुमची लुंगी भिजलीय," तो म्हणाला.

काका दचकले. त्यांनी बरेच महिने अक्षयला ऐकलं नव्हतं. त्यांनी आधी अक्षयकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे.

"परत बोल."

"लुंगी भिजलीय म्हटलं."

"आवाज कुणाचा हाय ह्यो?" काकांचा स्वतःचाच आवाज खाली गेला. "वयनी, ऐकला का?"

"मी तर कवापासनं सांगतेय," आई शांतपणे म्हणाल्या. "तुम्हीच कोन ऐकत नाय."

निशिगंधा हसायला गेली, पण हसू आलं नाही. "दाढ दुखते त्यांची, काका."

"तू गप. पिंड दिलेत त्यानं आज. आला असंल तर बोलू दे त्याला."

आईंनी चाचपडत अक्षयचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. "यज्ञा, वरीस झालं रे. काय राह्यलंय तुझं? कशात जीव गुतलाय? सांग मला."

"आई, सोड." अक्षय म्हणाला. पण त्याने हात बाजूला केले नाहीत.

"सांग, बाळा."

धुक्यामुळे ओटीवर दिवेलागणीसारखा उजेड होता. गिरणी बंद होती. अक्षयने डोळे मिटले. त्याचे खांदे सैल पडले. तो बोलला तेव्हा ओठ फारसे हलले नाहीत.

"मला जायचं नव्हतं."

निशिगंधाने उज्वलाचा हात घट्ट धरला.

"नाय रे, कोन तुला घालवतंय," आई म्हणाल्या.

"डॉक्टर गळा उघडू म्हणाला होता. मी तयार होतो, काका. तुम्ही गाडी बोलावलीत. मला कोणी विचारलंच नाही."

जानूकाकांच्या हातातला अडकित्ता जोत्यावर पडला. "मी... मी तुझ्या भल्यालाच..." मघाशी 'बोलू दे' म्हणणारा तो माणूस आता भिंतीला पाठ लावून म्हणू लागला, "पुरे. पुरे कर, वयनी. हात काढ त्याच्यावरचा."

आईंनी हात काढला नाही. अक्षयची मान मात्र हळूच वळली, डोळे न उघडता, बरोबर उज्वला उभी होती तिकडे.

"उजू, पाणी दे."

चारचौघांत यज्ञेश्वर उज्वलाला 'अगं' म्हणायचा. उजू हे नाव दार लावल्यावरचं होतं. ते आईंना माहीत नव्हतं, तिच्या माहेरी माहीत नव्हतं. ती आत गेली. माठातलं पाणी पेल्यात घेताना निम्मं बाहेर सांडलं. भीतीने सांडलं असं तिला म्हणता आलं असतं. पण तिला हवं होतं की त्याने आणखी एकदा म्हणावं.

तिने पेला त्याच्या हातात दिला. त्याने मान उजवीकडे कलती केली, पाणी उजव्या गालातून आत घेतलं, आणि तरीही त्यातलं थोडं डावीकडे गेलं असावं. त्याचा सबंध चेहरा आक्रसला. डोळ्यांतून पाणी आलं. गळ्याची शीर टरारून वर आली.

ते पाहिलं आणि उज्वला भानावर आली. मेलेल्या माणसाला पाणी झोंबत नाही.

"भाऊजी," ती मोठ्याने म्हणाली. "अक्षयभाऊजी, तोंड उघडा."

"उज्वला, मधी बोलू नको," काका म्हणाले.

"त्यांना बोलवू नका आता कोणी. ते नाहीत इथे. हे अक्षयभाऊजी आहेत आणि त्यांच्या जिभेला तेच झालंय जे ह्यांना झालं होतं. निशा, मोबाइलची बॅटरी लाव."

"काहीतरीच काय, ताई! दाढ आहे ती."

"दाढ नाही. नवरात्रापासून ऐकतेय मी."

मोबाइल शोधणारा निशिगंधाचा हात थांबला. "नवरात्रापासून?"

अक्षयने डोळे उघडले होते. झोपेतून उठवल्यासारखा तो सगळ्यांकडे पाहत होता. मग त्याने वहिनीकडे पाहिलं आणि सावकाश, फार नाखुशीने, तोंड उघडलं. जिभेच्या डाव्या कडेला, मागच्या बाजूला, रुपयाएवढी जखम होती. कडा वर आलेल्या, पांढुरक्या. मधे लाल खड्डा. निशिगंधाने उजेड जवळ नेला.

"काय दिसतं गो?" आईंनी विचारलं.

उज्वलाने पदर खोचला आणि दिराच्या जबड्याखाली बोटं ठेवली. वहिनीने दिराला असा हात लावायची रीत नव्हती, काकांनी तोंड फिरवलं. यज्ञेश्वरची गाठ तिच्या बोटांना पाठ होती: आधी चिंचोक्यासारखी, मग सुपारीसारखी, मग न हलणारी. तिने कानाखालपासून गळ्याच्या घाटीपर्यंत चाचपलं. मऊ होतं. काही लागलं नाही.

"काही नाही ना?" निशिगंधा म्हणाली. "गळ्यात काही नाही ना?"

"हाताला लागत नाही."

"देवा," निशिगंधा मट्‌कन खाली बसली.

"ह्यांच्याही लागलं नव्हतं," उज्वला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पहिल्या एसटीने महाडला गेली. चवदार तळ्यामागच्या गल्लीत डॉक्टर मानसींचा दातांचा दवाखाना. अक्षय बाहेरच्या बाकड्यावर बसला होता. निशिगंधा दुसऱ्या टोकाला, उज्वलाकडे न बघता.

"भाऊजी," उज्वलाने हळूच विचारलं, "काल कोण बोलत होतं?"

"मला पाणी मागितलेलं आठवतं, वहिनी. त्याच्या आधीचं धुक्यासारखं आहे." तो थांबला. "दादाला गळ्याचं ऑपरेशन हवं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. निशा सांगते मी तसं बोललो म्हणून. खरंच हवं होतं?"

"तुम्ही मला काय हाक मारलीत, आठवतं?"

"वहिनी म्हणालो असेन."

"उजू म्हणालात."

तो गोंधळला. "दादा म्हणायचा का तसं? शेवटी हॉस्पिटलात मी बाहेर बसायचो. तेव्हा कानावर पडलं असेल."

उज्वलाने मान डोलावली. हॉस्पिटलातल्या त्या शेवटच्या आठवड्यांत यज्ञेश्वरच्या तोंडून एकही शब्द फुटत नव्हता. पण ते तिने त्याला सांगितलं नाही.

डॉक्टर मानसींनी जखम पाहिली, तुकडा तपासायला पाठवला. त्याचा निकाल सगळ्यांनी मनात धरला होता तोच आला. मुंबईच्या सर्जनने कागद बघून सांगितलं: जिभेचा डावा भाग काढायचा, आणि त्याच वेळी डाव्या बाजूने गळ्यातल्या गाठीही.

"सोनोग्राफीत गळा साफ आहे," निशिगंधा महाडला परतल्यावर डॉक्टर मानसींशी भांडू लागली. "हाताला लागत नाही, मशीनला दिसत नाही, मग कापायचं काय?"

मानसी शांत बाई होत्या. "लहानपणी पायाला काटा रुतून पाय पिकला की जांघेत अवधान यायचं, आठवतं? विकार पायात, गाठ जांघेत. वाटेवरच्या त्या चौक्या असतात. तोंडाच्या चौक्या गळ्यात आहेत. पण काट्याचा विकार चौकीवर अडतो. हा अडत नाही, तिथेच बिऱ्हाड करतो. सुरुवातीला इतका बारीक असतो की बोटाला लागत नाही, फोटोतही येत नाही. यांची जखम खोल आहे. खोल जखमेतून गळ्यात उतरायला वेळ लागत नाही."

"म्हणजे आहे की नाही, हे तुम्हालाही माहीत नाही."

"नाही. काढून तपासल्यावरच कळेल."

"बघितलंत?" निशिगंधा उज्वलाकडे वळली. महिनाभरात पहिल्यांदा ती तिच्याशी थेट बोलत होती. "आणि तुम्ही सांगता, कापा. स्वतःच्या नवऱ्याचा आवाज ऐकायला माझ्या नवऱ्याला दर रविवारी समोर बसवलंत. अडीच महिने. तेवढ्यात ते किती उतरलं असेल गळ्यात, ते विचारा की डॉक्टरांना."

मानसींनी उज्वलाकडे पाहिलं. उज्वलाने विचारलं नाही. विचारायची तिची छातीच झाली नाही.

पुढच्या रविवारी पोलादपूरला पुन्हा बैठक बसली, आणि या वेळी सगळ्यांनी बाजू बदलल्या होत्या. जानूकाका आल्या आल्या म्हणाले, "कापा. जीभ कापा, गळा कापा, काय सांगतील ते करा. माझं नाव परत कुनी घेऊ नका." वर्षश्राद्धाच्या दिवसापासून फोटोकडे पाठ करून बसायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

आडव्या आल्या त्या आई.

"जीब कापायची नाय."

"आई, आजार आहे तो," अक्षय म्हणाला.

"असू दे. जीब कापली तर यज्ञा कसा बोलंल?"

आई पुढे म्हणाल्या, "एकडाव गेला तवा मी आडवी आले नाय. आता परत आलाय तर तुम्ही त्याची वाट बंद करताय. उज्वला, तू तरी सांग गो. तू पन ऐकतेस ना भिंतीमागं बसून? मला दिसत नाय, पन तुझ्या बांगड्या वाजायच्या थांबतात, ते कळतं मला."

निशिगंधा टक लावून उज्वलाकडे बघत होती. उज्वलाला वाटलं, आपण उठून आत जावं, मोटर चालू करावी, घरघरीत सगळं बुडून जावं. अक्षय तिच्याकडे बघत होता. त्याची ती बघण्याची तऱ्हाही यज्ञेश्वरचीच होती, आणि तिला त्या घटकेला खरंच कळेना की समोरचा माणूस जगू दे म्हणतोय की इथेच राहू दे म्हणतोय.

"ऐकते, आई," ती म्हणाली. "फार बरं वाटतं. पण त्यांनी आता बोलू नये. त्यांच्या बोलण्यापायी भाऊजी हातचे चाललेत."

आईंनी भिंतीकडे तोंड केलं.

दुपारी उज्वला मागच्या पडवीत भांडी घासत असताना निशिगंधा येऊन उभी राहिली. पाटावर बसली. बराच वेळ राख हातात घेऊन नुसती चाळवत होती.

"ताई, शेवटी दादांचा गळा कसा होता? आम्ही यायचो तेव्हा उपरणं गुंडाळलेलं असायचं."

"कशाला विचारतेस?"

"मी रोज रात्री ह्यांच्या गळ्यावर हात ठेवून झोपते. गाठ येतेय का बघायला. मला झोप लागत नाही. सांगा मला."

उज्वलाने हात धुतले आणि सांगितलं. गाठ वाढत वाढत कातडीला कशी भिडली, कातडी लाल-काळी होऊन कशी फुटली. फडकी दिवसातून कितीदा बदलावी लागायची, दार-खिडक्या लावून उदबत्त्या लावल्या तरी वास कसा राहायचा. मान वळेनाशी झाली तेव्हा तो सबंध अंग वळवून बघायचा. एका दुपारी फडक्यातून रक्ताची चिळकांडी भिंतीवर गेली, आणि आईंना कळू नये म्हणून तिने ती भिंत स्वतः चुन्याने सारवली. तिने काही वाढवून सांगितलं नाही. सांगताना रडलीही नाही.

निशिगंधा ऐकत राहिली. मग उठली. जाताना म्हणाली, "तुम्हाला मी माफ केलं असं समजू नका." आणि ओटीवर जाऊन तिने अक्षयला सांगितलं की बॅग भरायची आहे.

पौषात मुंबईला ऑपरेशन झालं. सात तास चाललं. पंधरा दिवसांनी गाठींचा निकाल आला तो निशिगंधाने फोनवर वाचून दाखवला. शब्द तिला अडत होते, उज्वला गिरणीत एका कानात बोट घालून ऐकत होती. गळ्यातून काढलेल्या गाठींपैकी दोन गाठींत रोग सापडला होता. एक तांदळाच्या दाण्याएवढी. कुठल्याच बोटाला लागली नसती.

"डॉक्टर म्हणाले, वेळेवर काढल्या," निशिगंधा म्हणाली. "आता लाइट द्यायचेत, किरणांचे, दीड महिना. त्यानंतरचं बघू म्हणाले." मग जरा थांबून, "अडीच महिने आधी काढल्या असत्या तर त्यांत काही नसतंही मिळालं, नाही का? मी विचारलं त्यांना. ते म्हणाले, सांगता येत नाही."

"हो," उज्वला म्हणाली.

"आईंना घेऊन या एकदा. हे आठवण काढतात."

लाइट सुरू व्हायच्या आधी अक्षय महाडला घरी आला, तेव्हा उज्वला आईंना रिक्षाने घेऊन गेली. तो पलंगावर उशीला टेकून बसला होता. कानामागून हनुवटीखालपर्यंत व्रण होता, आणि त्या बाजूचा गळा खणून माती काढल्यासारखा आत गेलेला. निशिगंधाने आईंना त्याच्याजवळ बसवलं.

"आई," तो म्हणाला.

उरलेल्या जिभेने, शिकत असल्यासारखा काढलेला तो शब्द. हलका, चोरटा, कडांना फुटलेला. उज्वला दारातच उभी राहिली. तिने डोळे मिटून पाहिलं. काही झालं नाही. तो कोणाचाच आवाज नव्हता. यज्ञेश्वरचा नव्हता, पूर्वीच्या अक्षयचाही नव्हता.

आईंनी मान तिरपी करून ऐकलं. "कोन हाय ह्यो?"

"अक्षय, आई," निशिगंधा म्हणाली.

आईंचा हात त्याच्या कपाळावरून, गालावरून खाली उतरला आणि व्रणावर आला. त्यांनी तो सबंध चाचपला, त्या खोलगट जागेत बोटं ठेवून बसल्या. अक्षय समोर बघत होता. तिथे त्याला स्पर्श कळत नव्हता. आपल्या गळ्यावर आईचा हात आहे हे त्याला समोरच्या आरशात दिसलं तेव्हा समजलं, आणि तो दचकला.

"अक्षय," आई स्वतःशीच म्हणाल्या. "लई दिसांनी आलास रे." मग त्या दाराकडे वळल्या, उज्वला असेल त्या अंदाजाने. "आनि यज्ञा गो?"

वर्षभर हे घरात कोणी आईंना शब्दात सांगितलं नव्हतं. गेला म्हणायचे, सुटला म्हणायचे. उज्वला आत आली, त्यांच्या पायाशी बसली.

"ते वारले, आई. गेल्याच्या आदल्या मार्गशीर्षात."

बाहेर हायवेवरून ट्रक जात होते. आई रडतील असं सगळ्यांना वाटलं, पण त्या रडल्या नाहीत. त्यांनी उज्वलाचं मनगट धरलं, आणि अगदी खालच्या आवाजात, दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं, "मग एवढे दीस आपल्याशी कोन बोलत होता गो?"

उज्वलाने अक्षयकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता, सबंध अंग वळवून. निशिगंधाच्या हातात पेजेची वाटी होती.

"पेज निवतेय, आई," उज्वला म्हणाली. "आधी भाऊजींना भरवा."

तिने वाटी आईंच्या मांडीत ठेवली, एका हातात चमचा दिला, आणि दुसरा हात धरून अक्षयच्या ओठांपाशी नेला. आईंनी बोटांनी ओठ शोधले. चमचा आत गेला. त्या थांबल्या, कान देऊन. त्याच्या घशातून पेज खाली उतरल्याचा आवाज खोलीत सगळ्यांना आला.

"उतरली का?"

"हं."

आईंनी दुसरा चमचा भरला.